केळी करपते त्याच पाण्यावर कपाशी उभी कशी राहते?

प्रश्न चोपडा तालुक्यातून आला आहे. तापीकाठची भारी काळी जमीन, दोन बोअर, त्यातलं एक गोडं आणि एक खारं. खाऱ्या बोअरवर कपाशी दरवर्षी बऱ्यापैकी येते. यंदा त्याच पाण्यावर ठिबक टाकून केळी लावली, तर एप्रिलपासून जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागल्या. पाण्याच्या तपासणीत ईसी, म्हणजे विद्युत वाहकतेवरून काढलेलं क्षारांचं माप, 2 (डेसिसायमन प्रति मीटर) च्या आसपास आला आहे. विचारणाऱ्याने अहिराणीत विचारलंय, तसंच देतो: "कपाशी मीठ पचवस, मंग केळ का पचवत नही?" सोबत दोन उपप्रश्न आहेत. पोटॅश वाढवला तर फरक पडेल का? आणि दुकानदार देतो ती "मीठ खाणारी" फवारणी घ्यावी का?

भाऊ, तीस वर्षं पिकांचं शरीरशास्त्र शिकवण्यात आणि माती-पाण्याच्या बाटल्या तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून आधी तुमच्या "पचवस" या शब्दाशी भांडतो. नत्र झाड पचवतं, त्याची प्रथिनं होतात. साखर पचते, जळते, तिचा धूर होऊन जातो. सोडियमचं असं काहीच होत नाही. ते मूलद्रव्य आहे. आत आलं की सोडियम म्हणूनच राहतं, ते मोडून टाकणारं झाड नाही आणि जिवाणूही नाही. म्हणून कपाशी मीठ पचवते असं म्हणणं चूक. कपाशी मीठ ठेवते कुठे, आणि ते ठेवण्यासाठी मोजते काय, असं विचारा. बाकी सगळं यातून सुटत जातं.

सोडियम आत येतं कसं, इथून सुरुवात करू, कारण पुष्कळांना वाटतं की मूळ ते ओढून घेतं. मुळाला ओढायची गरजच नसते. जिवंत पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋणभारित असतो, मुळाच्या पेशीत हा फरक साधारण 120 ते 180 मिलिव्होल्ट भरतो. सोडियम धनभारित. म्हणजे उतार आतल्या बाजूला आहे. दर 59 मिलिव्होल्टला दहा पट या हिशोबाने, 120 मिलिव्होल्टला बाहेरच्या शंभर पट सोडियम साचेपर्यंत ते आपोआप आत येत राहील. तुमच्या 2 ईसीच्या पाण्यातले सगळे क्षार साधं मीठ आहेत असं धरलं, तर लिटरला सुमारे 20 मिलिमोल सोडियम होतं. शंभर पट म्हणजे 2000 मिलिमोल, समुद्राच्या पाण्यातल्या सोडियमच्या चौपट. निरोगी पेशीच्या जीवद्रव्यात प्रत्यक्षात असतं ते 10 ते 30 मिलिमोलच्या घरात. हे 2000 आणि 30 यांमधलं अंतर झाड रोज, तासातासाला, इंधन जाळून टिकवतं. खाऱ्या रानातलं झाड हिरवं दिसत असूनही बुटकं का राहतं, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

ते अंतर टिकवायचं कशासाठी? पोटॅशियमसाठी. जीवद्रव्यात पोटॅशियम 100 मिलिमोलच्या आसपास असावं लागतं. पन्नासहून जास्त एन्झाईम त्याच्यावर चालतात, आणि प्रथिनं तयार करणारी यंत्रणाही त्याच्याशिवाय नीट चालत नाही. सोडियम त्याच्यासारखंच दिसतं. भार तोच, आकार थोडा वेगळा. खोट्या किल्लीसारखं ते कुलपात शिरतं, पण फिरत नाही, आणि खऱ्या किल्लीची जागा अडवून बसतं. त्यात आणखी एक गोष्ट घडते, जी आमच्या शिकवण्यात बरीच वर्षं राहूनच गेली होती. सोडियम भसाभस आत आलं की पेशीचा तो ऋणभार उतरतो, आणि भार उतरला की पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाटा उघडतात. झाडाला दुहेरी मार बसतो, नको ते आत येतं आणि हवं ते निसटतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात सर्गेई शाबाला यांच्या गटाने बार्लीच्या वाणांवर दाखवलं की जो वाण मुळांमध्ये पोटॅशियम धरून ठेवतो, तोच मिठात टिकतो. म्हणून तपासणीत नुसता सोडियमचा आकडा पाहून मी मत देत नाही, शेजारी पोटॅशियमचा लागतोच.

आता ठेवायच्या जागा पाहू. झाडाच्या हातात तीन आहेत.

पहिली जागा मुळाच्या बाहेरच. आत आलेलं सोडियम मुळाची पेशी परत मातीत फेकते. हे कसं घडतं ते 1990 च्या दशकात अॅरिझोना विद्यापीठात जिआन-कांग झू यांच्या प्रयोगशाळेत उलगडत गेलं. मोहरीच्या कुळातल्या अॅरॅबिडॉप्सिस नावाच्या चिमुकल्या रोपावर त्यांनी काम केलं. हजारो रोपं खारट जेलीवर उभी वाढवायची, मग ताटली उलटी करायची. धडधाकट रोपाचं मूळ वळून पुन्हा खाली वाढू लागतं. ज्याचं वळत नाही, तिथेच थांबतं, ते मिठाला हळवं. अशा हळव्या रोपांमध्ये कोणतं जनुक बिघडलंय ते शोधलं आणि एसओएस नावाची साखळी हाती लागली. मीठ लागलं की पेशीत कॅल्शियमची लाट उठते. एसओएस-3 हे प्रथिन ती लाट ओळखतं, एसओएस-2 ला जागं करतं, आणि ते पटलावरच्या एसओएस-1 ला कामाला लावतं. एसओएस-1 म्हणजे फिरतं दार. बाहेरचा एक प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) आत घेतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर ढकलतं. तो प्रोटॉन आधी बाहेर नेऊन ठेवायला दुसरा पंप लागतो, आणि तो पंप प्रत्येक प्रोटॉनमागे एक एटीपी, म्हणजे पेशीच्या इंधनाचा एक रेणू, खर्च करतो. मुळाच्या टोकाला हे दार सगळ्यात महत्त्वाचं असतं, कारण तिथल्या कोवळ्या पेशीत साठवायला जागाच नसते. तिला बाहेर फेकण्याशिवाय गत्यंतर नाही.

या साखळीत कॅल्शियम सुरुवातीलाच आहे, हे लक्षात राहू द्या. मुळाबाहेर कॅल्शियम पुरेसं असेल तर सोडियम ज्या ढिल्या वाटांनी आत घुसतं, त्यातल्या बऱ्याचशा वाटाही आवळल्या जातात. जिप्समचं (कॅल्शियम सल्फेटचं) काम आपण नेहमी मातीपुरतं सांगतो. ते मुळाच्या पटलावरही चालू असतं.

दुसरी जागा मुळात आणि खोडात, पानाच्या अलीकडे. मुळातून सुटलेलं सोडियम जलवाहिनीत उतरतं आणि पाण्याबरोबर वर निघतं. वाहिनीच्या कडेच्या पेशींवर एचकेटी नावाची प्रथिनं असतात. ती वाहत्या पाण्यातून सोडियम वेचून परत मुळाकडे घेतात. हे वेचणं किती बारीक असावं लागतं? झाड पानात जितकं पाणी ठेवतं, त्याच्या जवळपास पन्नास पट पाणी हवेत सोडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणजे शंभरातलं अठ्ठ्याण्णव मीठ खालीच अडवलं तरच पानातलं मीठ मातीतल्या पाण्याइतकं राहील. नव्वद अडवलं, तर आपल्याला चांगलं वाटेल, आणि पान मात्र काही आठवड्यांत पाचपट खारट झालेलं असेल.

गव्हाचं उदाहरण आपल्या भागात पटकन कळतं. पोळीचा गहू आणि बन्सी, दोन्ही आपल्याकडे जुने. बन्सी हा डुरम जातीचा. त्यात जनुकसंचांचे दोन गट, पोळीच्या गव्हात तीन. तो तिसरा, डी नावाचा गट एचकेटीचं एक चोख जनुक घेऊन येतो. म्हणून पोळीचा गहू पानात सोडियम कमी जाऊ देतो आणि डुरमच्या पानात ते जास्त साचतं. ऑस्ट्रेलियात राना मन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या एका प्राचीन नातेवाइकातलं असंच जनुक साध्या संकराने डुरममध्ये आणलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात खाऱ्या शेतात त्या डुरमचं उत्पादन मूळ वाणापेक्षा 25 टक्क्यांपर्यंत जास्त आलं होतं. भातातही नोना बोक्रा या मीठ सोसणाऱ्या जुन्या वाणात याच कुळातलं जनुक सापडलं, ते 2005 मध्ये. एवढ्या मोठ्या झाडाचं नशीब वाहिनीच्या कडेच्या मूठभर पेशींवर ठरतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तिसरी जागा पानाच्या पेशीतच, पण जीवद्रव्यात नव्हे. वाढलेल्या पेशीचा बहुतांश भाग रिक्तिकेने व्यापलेला असतो. ती पाण्याने भरलेली एक मोठी टाकी समजा. तिच्या पटलावर एनएचएक्स नावाची दारं आहेत. तीही प्रोटॉन देऊन सोडियम टाकीत कोंडतात. 1999 मध्ये एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटाने अॅरॅबिडॉप्सिसमध्ये हे दार जास्त प्रमाणात बनवलं, तर रोपं 200 मिलिमोल मिठात वाढली. 2001 मध्ये टोमॅटोवर तेच केलं. पानं सोडियमने भरली, फळात मात्र ते फारसं गेलं नाही. त्या वेळी वर्तमानपत्रांना वाटलं, समुद्राच्या पाण्यावरची शेती आलीच. ती आली नाही. पुढच्या संशोधनात दिसलं की या दारांचं रोजचं काम मुख्यतः पोटॅशियम आणि आम्लता सांभाळण्याचं आहे. शिवाय कोंडलेलं सोडियम झिरपून परत आलं तर तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. दार जितकं महत्त्वाचं, तितकीच टाकीची गळती.

टाकीत मीठ भरलं की जीवद्रव्याचं पाणी टाकीकडे ओढलं जाऊ नये म्हणून जीवद्रव्यातही काहीतरी विरघळलेलं लागतं, पण ते निरुपद्रवी हवं. झाड त्यासाठी प्रोलिन, ग्लायसिन बिटेन, साखरा बनवतं. या बनवण्याचा खर्च ठाऊक असावा: एक रेणू प्रोलिनला सुमारे 41 एटीपी, बिटेनला 50, साखरेला 52 च्या आसपास. सोडियमचा एक आयन टाकीत टाकायला मात्र साडेतीन. पाणी ओढण्यासाठी मीठ वापरणं झाडाला फार स्वस्त पडतं, अट एकच, ते टाकीतच राहिलं पाहिजे. चांगली सोसणारी पिकं मीठ पूर्ण टाळत नाहीत त्याचं कारण हेच. ती त्याला नेमून दिलेल्या जागी राबवून घेतात.

कपाशी साधारण याच पंथातली. तिच्या पानात सोडियम येतं, पण टाकीत कोंडलं जातं, आणि सोटमूळ खोल जाऊन कमी खाऱ्या थरातलं पाणीही शोधतं. कुठलं पीक किती क्षार सोसतं याच्या, 1977 च्या मास आणि हॉफमन यांच्या तक्त्यात कपाशीचं उत्पादन मातीच्या 7.7 ईसीपर्यंत घटत नाही. गहू 6, मका 1.7, कांदा 1.2. हे आकडे संपृक्त मातीच्या, म्हणजे जेमतेम चिखल होईल इतकंच पाणी घातलेल्या मातीच्या अर्काचे आहेत. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत मातीत पाणी जास्त घालून ईसी काढलेला असतो, तो बराच कमी दिसतो. अहवालातला 1 हा तक्त्यातला 1 नव्हे. या एका गोंधळापायी "माझी माती तर गोडी आहे" असं ठामपणे सांगणारे कितीतरी जण भेटले.

जाता जाता चाकवताबद्दल. गव्हात उगवतो, भाजी करतो आपण. त्याच्या कोवळ्या पानावरची पांढरी पावडर म्हणजे फुग्यासारख्या पेशी असतात. त्याच्याच जवळच्या क्विनोआत अशा पेशी म्हणजे मीठ टाकायच्या पिशव्या, असं मीही वर्षानुवर्षं शिकवलं. अलीकडे असे फुगे नसलेली क्विनोआची रोपं तपासली, तर ती मिठात काही कमी टिकली नाहीत. किडींनी मात्र त्यांना जास्त खाल्लं. पाठ्यपुस्तकातलं एक सुबक चित्र गेलं.

आता तुमची केळी. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला 20 लिटर पाणी देत असाल, तर 2 ईसीच्या पाण्यातून लिटरमागे सव्वा ग्रॅम, म्हणजे रोज 25 ग्रॅम क्षार त्या बुंध्याशी पडतात. महिन्याला पाऊण किलो. केळीचं मूळ उथळ, वरच्या फूट-सव्वा फुटात, आणि नेमका तिथेच ठिबक क्षार आणून ठेवतं. पान अवाढव्य, वर आपल्या जळगाव-भुसावळकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि झळा. पाणी प्रचंड उडतं. जलवाहिनीतलं अडवणं केळीत तितकं घट्ट नाही, त्यामुळे मीठ पानात चढतं आणि पाण्याचा प्रवास जिथे संपतो तिथे साचतं: पानाच्या कडेला. जुनी पानं आधी जातात, कारण त्यांनी जास्त दिवस पाणी उडवलेलं असतं. कडेच्या पेशींची टाकी भरली की सोडियम, आणि त्याच्या बरोबरीने क्लोराईड, जीवद्रव्यात सांडतं, आणि तुम्हाला तपकिरी पट्टी दिसते. त्यात केळीला पोटॅशियमची भूक सगळ्यात मोठी. म्हणजे जे पीक सगळ्यात जास्त खऱ्या किल्लीवर चालतं, त्याच्याच कुलपात तुम्ही खोट्या किल्ल्या घालताय. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली केळी हिवाळ्यात याच पाण्यावर बरी दिसली असती आणि मे महिन्यात फसली असती. पाणी तेच राहतं, उडण्याचा वेग बदलतो.

पोटॅशचं उत्तर: हो, पण कुठलाही नाही. म्युरेट ऑफ पोटॅशबरोबर क्लोराईड येतं, आणि तुमच्या पाण्यात ते आधीच भरपूर असणार. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, महाग आहे तरी. एकदम टाकू नका, तेही शेवटी क्षारच आहे आणि ईसी वाढवतं. ठिबकमधून आठवड्याच्या हप्त्यांनी द्या. कॅल्शियम नायट्रेटही द्या, पण दोन्ही एकाच टाकीत कालवू नका, जिप्समचा साका बसून ड्रिपर बंद होतील.

फवारणीचं उत्तर: मीठ खाणारं काही नसतं, हे वर सांगितलंच. बाटलीवर बिटेन किंवा प्रोलिन लिहिलेलं असेल तर पानाला थोडा आधार मिळू शकतो, पण एकही आयन त्यामुळे शेताबाहेर जाणार नाही. त्या पैशात गोड्या बोअरचा पाइप वाढवा. तुमच्याकडे दोन बोअर आहेत, हेच तुमचं खरं औषध. केळीला लागवडीनंतरचे पहिले महिने आणि पूर्ण उन्हाळा गोडं पाणी, कमी पडलं तर दोन्ही मिसळून. खारं कपाशीला द्या. मात्र उगवणीच्या वेळी तिलाही गोडंच, कारण कोंबाच्या पेशीत ती टाकी अजून तयार झालेली नसते आणि सोटमूळही खोल गेलेलं नसतं. आणि मृगाच्या पहिल्या शिडकाव्यात ठिबक बंद करू नका. ओल्या वर्तुळाच्या कडेला उन्हाळाभर साचलेलं मीठ त्या थोड्या पावसाने धुऊन थेट मुळाशी येतं. चांगला दमदार पाऊस होईपर्यंत ठिबक चालूच ठेवा, म्हणजे मीठ बाहेरच्या बाजूला ढकललेलं राहील.

जिप्सम तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. त्याआधी एक आठवण काढा: जुन्या धाब्याच्या घरांवर खारी माती का टाकायचे? सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात, भिजले की फुगतात आणि छिद्रं बुजवतात. छत गळत नाही. आजोबांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण सोडियमचा हा गुण त्यांनी डोक्यावर घेतला होता. तीच माती शेतात झाली की तिला आपण चोपण म्हणतो. पाणी वर साचतं, मुळाला हवा मिळत नाही. आणि हवा नाही तर एटीपी नाही, एटीपी नाही तर वर सांगितलेले सगळे पंप बंद. चोपण जमिनीत पीक दोन्हीकडून मरतं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला उठवतं, पण उठलेलं सोडियम खाली वाहून जायला निचरा लागतो. नव्वदच्या दशकात अमळनेरकडच्या एका शेतात मी जिप्समची मात्रा लिहून दिली आणि चराबद्दल बोललोच नाही. शेतकऱ्याने उधारीवर ट्रॉल्या टाकल्या. पुढच्या वर्षी ईसी होता त्यापेक्षा वाढलेला, आणि तो माणूस मला काही बोलला नाही, फक्त चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून सामू आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमचा आकडा पाहिल्याशिवाय, आणि चर कुठे काढणार हे विचारल्याशिवाय मी जिप्समचं नाव घेत नाही.

तुम्ही आता एवढं करा. पाण्याच्या अहवालात फक्त ईसी आणि सामू दिसतोय. एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती), आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमहून जास्त उरलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) आणि क्लोराईड काढून घ्या. आरएससी अडीचच्या वर असेल तर खाऱ्या बोअरचा विचार केळीसाठी पूर्ण सोडा. वरून तिसऱ्या पूर्ण उघडलेल्या पानाचा मधला तुकडा एका पिशवीत आणि जुन्या पानाची करपण्याच्या आतली, अजून हिरवी कड दुसऱ्या पिशवीत, असे दोन नमुने प्रयोगशाळेत द्या आणि दोन्हींत सोडियम व पोटॅशियम मागा. पिशव्यांवर तारीख, आणि त्या दिवशी कुठल्या बोअरचं पाणी चालू होतं, ते लिहायला विसरू नका.